दुर्गम वाड्यावर मिशनकार्यासाठी जाताना

नाताळ जवळ आला की आमच्या फिर्गजेतील, म्हणजे चर्चच्या हद्दीतील, तरुणांना गरीब गावांची आठवण होते. ‘सर, यंदा आतल्या एखाद्या वाड्यावर जाऊ या,’ असे दरवर्षी कोणीतरी सुचवतो आणि मी दरवर्षी एकच विचारतो : फेब्रुवारीत पुन्हा जाणार का, आणि जुलैच्या पावसात? पुष्कळदा विषय तिथेच थांबतो. तरीही ज्यांचे उत्तर होकारार्थी असते, त्यांच्यासाठी ही माहिती लिहीत आहे. गोव्यातील सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशी असे वाडे आहेत, जिथे कदंबची (राज्य परिवहनाची) बस दिवसातून एकदोनदाच येते, फोनला रेंज मिळण्यासाठी ठरावीक दगडावर जाऊन उभे राहावे लागते आणि मामलेदार कचेरीतील एका सहीपायी अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. गोवा म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर फक्त किनारा येतो, त्यांना हे सांगूनही पटत नाही. मराठी शाळेत शिकवताना आणि निवृत्तीनंतर फिर्गजेच्या सेवामंडळाबरोबर फिरताना मला जे चुकतमाकत कळले, तेवढेच इथे सांगतो.

निघण्यापूर्वी

पहिली तयारी सामानाची नसून इतिहासाची आहे. सत्तरीत नगरगावच्या बाजूला ब्रह्मकरमळी नावाचे गाव आहे. तिथल्या देवळातील ब्रह्मदेवाची मूर्ती मूळची तिसवाडीतील करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडीतील देवळे पाडली, तेव्हा भक्तांनी ती मूर्ती इकडे हलवली आणि मूर्तीबरोबर गावाचे नावही आणले. डिचोलीतील नार्वे येथे आज असलेला सप्तकोटेश्वर असाच दिवाडी बेटावरून आला, आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 साली शिवाजी महाराजांनी करविला. इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अंमल 1560 पासून, मधला थोडा खंड वगळता, 1812 पर्यंत गोव्यावर होता. सत्तरी, सांगे, काणकोण हे तालुके ‘नव्या काबिजादी’तले, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आलेले, तोपर्यंत सक्तीच्या धर्मांतराचे धोरण ओसरले होते, म्हणूनच या भागांत ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. हे सगळे गावकऱ्याला पुस्तकातून कळलेले नसते. देव कुठून आला, का आला, ही गोष्ट तो जत्रेच्या दिवशी आजोबांच्या तोंडून ऐकत मोठा होतो. गळ्यात क्रूस घातलेला माणूस वाड्यावर शिरताना दिसला की त्याला ती गोष्ट आठवली, तर त्यात त्याचे काही चुकत नाही. कोणी तसे बोलून दाखवलेच, तर ‘त्या वेळी आम्ही कुठे होतो’ असा वाद घालू नये. ‘होय, तसे घडले’ एवढे म्हणावे आणि पुढचे ऐकून घ्यावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत दिले आहे. मात्र प्रसाराच्या या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. चर्चची स्वतःची शिकवणही याहून निराळी नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी मिशनकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात कोणालाही श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडण्यास किंवा आमिष दाखवून वळवण्यास सक्त मनाई केलेली आहे. तो भाग मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला वाचून दाखवतो, कारण आमिष म्हणजे नोटांचे पुडके अशी आपली समजूत असते. तांदळाची पिशवी आणि तिच्या तळाशी सरकवलेले प्रार्थनेचे पत्रक, हेही आमिषच होय.

फिर्गजेच्या फादरांची संमती घ्यावी आणि तो वाडा दुसऱ्या फिर्गजेच्या हद्दीत येत असल्यास तिथल्या व्हिगारालाही (मुख्य धर्मगुरूला) कळवावे. त्यानंतर त्या प्रभागाच्या पंचाला आणि गावकारांना (गावातील मूळ घराण्यांतील मंडळींना) प्रत्यक्ष भेटावे. फोनवर ही कामे होत नाहीत. वाडा म्हादई अभयारण्याच्या आत असेल, तर वन खात्याच्या नाक्यावर कोण, कशासाठी जात आहे हे आधीच सांगून ठेवल्यास दर खेपेला अडवणूक होत नाही.

पैशांबाबत गोव्यात एक खास अडचण येते. परदेशातून येणारी देणगी केंद्र सरकारच्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच स्वीकारता येते. आखातात काम करणाऱ्या आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या भावाने बँकेतून पाठवलेले पैसे त्यात मोडत नाहीत. परंतु पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला गेलेल्या चुलतभावाचे पैसे मात्र मोडतात, मग तो जन्माने मडगावचा का असेना. मंडळाची नोंदणी नसेल, तर अशा भावाला नम्रपणे नाही म्हणावे.

भाषेचा प्रश्न

सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत घरातले बोलणे कोंकणी असले, तरी शाळा, भजन, वर्तमानपत्र आणि लग्नाची पत्रिका या साऱ्यांत मराठीच मुरलेली आहे. आपल्याकडची प्रार्थनापुस्तके आणि पत्रके बहुधा रोमी लिपीतील (इंग्रजी अक्षरांतील) कोंकणीत असतात. दक्षिण गोव्यातील सासष्टीत ती घरोघर वाचली जातात, पण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या बाईला तिचीच बोली रोमी अक्षरांत छापून दिली, तर ती कागदाची घडी घालून फळीवर ठेवून देते. म्हणून आरोग्याची सूचना असो की सभेचे आमंत्रण, लिहायचे ते देवनागरीत, साध्या मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहावे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि इथले लोक पुराण कोणत्या भाषेत, कोणत्या चालीवर ऐकतात हे त्यांनी नीट पाहिले. 1616 साली रायतूरला छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ म्हणूनच मराठी ओवीत आहे. (ते छापले मात्र रोमी अक्षरांत. आमची ही खोड चारशे वर्षांची आहे.) बोलताना त्यांच्या कोंकणीत बोलावे, येत नसेल तर मराठीत बोलावे; इंग्रजी आपापसांतही टाळावे, कारण आपण त्यांच्याविषयीच काहीतरी बोलत आहोत असे त्यांना वाटते, आणि बऱ्याचदा ते खरे असते.

पहिल्या भेटी

पहिल्या भेटीला तिघांहून अधिक जणांनी जाऊ नये, त्यांत एक तरी बाई असावी आणि कोणाच्याही हातात वाटण्याजोगी वस्तू नसावी. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना थैली न घेता जाण्यास आणि पुढे वाढले जाईल ते खाण्यास सांगितले आहे. त्या सूचनेचा व्यावहारिक अर्थ मला वाड्यावर गेल्यावरच उमगला. रिकाम्या हातांनी गेलेला माणूस पाहुणा असतो, सामान घेऊन गेलेला माणूस वाटपवाला ठरतो, आणि वाटपवाल्याला कोणी घरातली खरी गोष्ट सांगत नाही. सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या घरी आधी जावे, सोप्यावर (ओसरीवर) बसावे, वाटीभर पेज पुढे आली तर संपवावी. वडीलधाऱ्यांना आजी, काकी, मामा असे म्हणून ‘तुम्ही’नेच बोलावे, वाडा गरीब आहे म्हणून अरेतुरे करणारे शहरी स्वयंसेवक मी पाहिले आहेत.

‘खंयचे तुमी?’ (कुठले तुम्ही?) हा प्रश्न येणारच, आणि त्यामागून ‘इगर्जेचे मगे?’ (चर्चचे ना?) हाही येतो. सरळ हो म्हणावे. आम्ही ख्रिस्ती आहोत, चर्चच्या मंडळातून आलो आहोत, कोणाचा धर्म बदलण्यासाठी आलेलो नाही, इथे कशाची अडचण आहे ते समजून घ्यायचे आहे, असे पहिल्याच दिवशी चारचौघांसमोर सांगून टाकावे. ओळख लपवून ‘समाजसेवक’ म्हणून शिरकाव करणे मला मान्य नाही. सहा महिन्यांनी ती उघडी पडते आणि मग तोवर केलेले कामही खोटे ठरते.

सोप्यावर वही काढू नये. परतताना बसची वाट पाहत बसले की लिहायला भरपूर वेळ मिळतो. घरे किती, एकटी राहणारी म्हातारी माणसे कोणती, एप्रिलमध्ये झर आटल्यावर पाणी कुठून आणतात, रेंज कोणत्या जागी मिळते, अर्ज वाचून समजून घेईल असे वाड्यावर कोण आहे, एवढे पहिल्या तीन भेटींत कळले तरी पुरे.

कागदपत्रांचे काम

दुर्गम वाड्यावरील गरिबीचा मोठा भाग कागदांत अडकलेला असतो, आणि बाहेरच्या माणसाला सर्वांत उपयोगी पडता येते ते इथेच. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांना दरमहा मदत मिळते, गृह आधार योजनेतून गृहिणींना मिळते, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असल्यास तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाकाठी अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. योजना आहेत, पात्र माणसेही आहेत. मधला रस्ता नाही.

एका आजींचे उदाहरण सांगतो. आधार कार्डावर त्यांचे नाव लक्ष्मी, रेशनकार्डावर लक्षुमी, आणि बँकेच्या पुस्तकात नवऱ्याचे नाव आडनावाच्या जागी चढलेले. कोयता आणि काजूचा चीक यांनी बोटे इतकी झिजलेली की यंत्रावर अंगठा उमटेना. तिसऱ्या खेपेला त्यांनी अंगठा पदराला पुसून, हातपंपाखाली धुऊन पुन्हा टेकवला आणि यंत्राने पुन्हा लाल दिवा दाखवला. योजनेसाठी गोव्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. आजींचा जन्मच त्या वाड्यावरचा, परंतु घर वनजमिनीत असल्यामुळे घराला क्रमांक नव्हता आणि क्रमांक नसल्यामुळे रहिवास सिद्ध होत नव्हता. आम्हाला अकरा महिने आणि नऊ खेपा लागल्या. त्यातून जे शिकलो ते असे : अर्ज भरण्यापूर्वी सर्व कागदांवरील नावे एका ओळीत लिहून ताडून पाहावीत आणि आधी नाव दुरुस्त करून घ्यावे, झेरॉक्स नेहमी दोन प्रती जास्त काढाव्यात, मूळ कागद कधीही आपल्याकडे ठेवू नयेत, पोचपावतीचा फोटो त्यांच्याच घरातल्या फोनमध्ये काढावा, आणि मंजुरी आल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो हे लक्षात ठेवावे, कारण तो चुकला की मदत थांबते आणि आजींना वाटते की सरकार बदलले.

वनजमिनीचा दावा हे याहून लांबचे काम आहे. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्यांना दावा करता येतो. गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज 2003 पासून गोव्यात अनुसूचित जमातींत असल्यामुळे त्यांना ही अट पुरते. अनुसूचित जमातींच्या यादीत नाव नसलेल्या समाजाला, उदाहरणार्थ धनगर गवळ्यांना, तीन पिढ्यांचा म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. कागद नसला तरी निराश होऊ नये : दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी दिलेले आणि लिहून घेतलेले निवेदन नियमांनुसार पुरावा म्हणून चालते, मात्र त्याच्या जोडीला आणखी एखादा पुरावा हवा. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांची निवेदने सुवाच्य मराठीत लिहून घेणे आणि ती ग्रामसभेच्या वनहक्क समितीपर्यंत पोहोचवणे, हे काम शाळा-कॉलेजची मुले उत्तम करतात.

देण्याघेण्याविषयी

दहाएक वर्षांपूर्वी आम्ही एका वाड्यावर नाताळच्या आठवड्यात टेम्पोभर ब्लँकेटे नेली. गाणी झाली, सांताक्लॉज नाचला, फोटो निघाले आणि ते मोबाइलवरून जायचे तिथे गेले. नंतर जत्रेच्या बैठकीत एका विधवेला विचारण्यात आले की, तू तिकडची झालीस का. तिच्या घरचा नारळ घ्यावा की नाही यावर चर्चा झाली. फेब्रुवारीत आम्ही गेलो, तेव्हा तिने ते ब्लँकेट त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, न उलगडलेल्या घडीत आमच्यापुढे ठेवले. ‘थंडी सरली आता, घेऊन जा तुम्ही,’ एवढेच ती म्हणाली. तिने ते एक रात्रही अंगावर घेतलेले नव्हते. आमच्या दानाची किंमत तिने भरली होती, आणि आम्हाला त्याचा दोन महिने पत्ता नव्हता.

तेव्हापासून आमचे नियम असे आहेत की, सणाच्या आठवड्यात काहीही वाटायचे नाही. द्यायचे ते मागितले गेले असेल तरच, सर्व घरांना सारखे आणि शक्यतो शाळेच्या, अंगणवाडीच्या किंवा पंचायतीच्या हातून द्यायचे. वस्तू घेताना कोणाचाही फोटो काढायचा नाही. जुने कपडे तर पूर्णच बंद केले. आपल्या कपाटातील अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकण्याला सेवा म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आजारपण आणि मुले

डिसेंबर ते मे हा माकडतापाचा हंगाम असतो. सत्तरीत 2015 पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. जंगलातल्या गोचिडी चावल्याने तो होतो, आणि काजूच्या बागांत हिंडण्याचे दिवस नेमके हेच असतात. स्वयंसेवकांनी पायघोळ विजार, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूट घालावेत, पाचोळ्यावर बसू नये, उघड्या अंगावर लावायचे गोचीडरोधक तेल आरोग्य केंद्रातून मागून घ्यावे आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला कळवावे. पावसाळ्यात शेतात अनवाणी काम करणाऱ्याला ताप आला, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका मनात ठेवून त्याला लगेच तपासणीस न्यावे. डॉक्टर बरोबर नसेल, तर एकही गोळी वाटू नये. 108 ला फोन कोणत्या दगडावरून लागतो आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते, हे कोरड्या दिवसांत पाहून ठेवावे. पावसात कॉजवे पाण्याखाली गेल्यावर शोधाशोध करून उपयोग नसतो.

आजाऱ्यासाठी प्रार्थना त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी मागितली तरच, थोडक्यात आणि हळू आवाजात करावी. औषध थांबवा असे कोणीही, कोणत्याही श्रद्धेच्या नावाने सांगू नये, आणि माणूस बरा झाल्यास त्याची साक्ष म्हणून जाहिरात करू नये. बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ श्रीलंकेत गेले ते अनवाणी, मजुराच्या वेषात. 1697 साली कँडीत देवीची साथ आली, तेव्हा लोक रुग्णांना टाकून पळत असताना त्यांनी धर्म न विचारता त्यांची शुश्रूषा केली. 14 जानेवारी 2015 रोजी त्यांना संतपद मिळाले, पण आमच्या तरुणांना त्यांचा पुतळा माहीत असतो, ही शुश्रूषा नव्हे.

मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायचा असेल, तर तो शाळेच्या किंवा मांडाच्या (गावाच्या पवित्र अंगणाच्या) उघड्या जागेत, पालकांच्या लेखी संमतीने आणि दोन प्रौढांच्या उपस्थितीत घ्यावा; एकट्या स्वयंसेवकाने एकट्या मुलाला कुठेही नेऊ नये. वर्गात गणित, वाचन आणि इंग्रजी शिकवावे, बायबलच्या गोष्टी सांगू नयेत. नोंदणी नसलेल्या वसतिगृहात मुलांना ‘शिकायला’ नेऊन ठेवण्याचा मोह कोणी दाखवल्यास तिथेच नकार द्यावा. बाल न्याय कायद्याखाली ते गुन्ह्यात जाते आणि मूलही घराला मुकते.

कोणी स्वतःहून विचारले तर

वर्ष-दोन वर्षे नियमित गेल्यावर एखादा माणूस विचारतो की, तुम्ही हे का करता. त्या वेळी गप्प बसणेही प्रामाणिकपणाचे नव्हे. आपली श्रद्धा आपल्या शब्दांत, त्याच्या देवाला उणे न लेखता सांगावी. त्याहून पुढे जाऊन कोणी ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखवली, तर स्वयंसेवकाचे काम फक्त फादरांशी गाठ घालून देण्याचे आहे. प्रौढांच्या बाप्तिस्म्यापूर्वी तयारीचा दीर्घ काळ असतो आणि तो घाईने उरकायचा नसतो. त्याने घरच्यांशी बोलावे असा आग्रह आपण धरावा आणि कायदेशीर परिणाम आधी सांगावेत : अनुसूचित जमातीचा दर्जा धर्म बदलल्याने जात नाही, अनुसूचित जातीचा मात्र ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. ज्याची योजना आपण मंजूर करून दिली, तोच माणूस हे विचारत असेल, तर मी त्याला दोनदा परत पाठवतो. उपकाराची भीड आणि श्रद्धा यांतला फरक त्यालाही लगेच कळत नाही, मलाही नाही.

वेळापत्रक आणि वही

मार्चपासून मेपर्यंत सगळा वाडा काजूचे बोंडू गोळा करण्यात आणि दारूच्या भट्टीवर गुंतलेला असतो, तेव्हा सभा ठेवू नये. गेल्यास टोपली उचलू लागावे. चवथ (गणेशचतुर्थी) आणि शिगमो (होळीचा सण) हे त्यांचे दिवस. बोलावले तर पाहुण्यासारखे जावे, मांडावर चप्पल घालून चढू नये, देवराईतली काडीही उचलू नये. कागदपत्रांसाठी कापणीनंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर सोयीचे. महिन्यातला एक वार ठरवून घ्यावा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, आणि पाऊस असो वा कोणाचे लग्न, तो मोडू नये. दोन शनिवार चुकले की तिसऱ्या वेळी सोप्यावर फक्त कुत्री भुंकत येतात.

प्रत्येक भेटीनंतर वहीत तारीख, घर, हाती घेतलेले काम आणि पुढची खेप कोणी करायची, हे लिहावे. काही महिन्यांतच वाड्यावरची एखादी बारावी झालेली मुलगी अर्ज आपल्यापेक्षा नीट भरू लागते. तिला प्रत्येक खेपेला मामलेदार कचेरीत बरोबर न्यावे, कोणत्या खिडकीवर काय मागायचे ते तिलाच विचारायला लावावे, आणि तसे जमू लागले की ती वही चर्चच्या कपाटात न ठेवता सर्व घरांच्या संमतीने तिच्या स्वाधीन करावी.